वठून उभ्या राहिलेल्या झाडास

प्रिय वठलेल्या झाडा,



मेलेल्याला पत्र लिहायची आपल्याकडे रीत नाही. पण तू मेलं आहेस हे अजून कुणी धडपणे मान्यच केलेलं नाही, त्यामुळे लिहायला हरकत नसावी. तुझी पानं गळून दोन पावसाळे उलटले. पहिल्या वर्षी मालक म्हणाले, जरा मलूल दिसतंय, पुढच्या वर्षी फुटेल. दुसऱ्या वर्षी म्हणाले, दिवाळीनंतर काढू. दिवाळीनंतर शिमगा आला, शिमग्यानंतर आंब्याचा हंगाम आला, आणि मे महिन्याच्या अखेरीला ढग जमू लागल्यावर सगळ्यांना एकदम तुझी आठवण झाली. आता कुणाला तरी निरोप जाईल. तो खांद्यावर दोर टाकून, कमरेला कोयता अडकवून येईल, खालून वर एकदा बघेल, आणि मालक त्याला म्हणतील, "चढ रे, तासाभराचं तर काम आहे."

त्या 'चढ'बद्दल मला तुझ्याशी बोलायचं आहे.

तू काही एकच नाहीस. मुंबईच्या उपनगरांत तू बहुधा पर्जन्यवृक्ष असतंस. गेल्या दशकात पिठ्या ढेकणांनी तुझी जात तिथे एकेका रस्त्यावर वठवत नेली, आणि तुझ्या आडव्या पसरलेल्या फांद्या खालच्या रिक्षा-स्टँडवर, वडापावच्या गाडीवर तशाच टांगून राहिल्या. कोकणातल्या परसात तू जुनं रायवळ आंब्याचं झाड असतंस, खोडकिड्यानं आतून पोखरलेलं, बुंध्याशी भुशाचा ढीग पडलेलं. पण मी तुला सगळ्यांत जवळून पाहिलं आहे ते शेंडा गेलेल्या माडाच्या रूपात.

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर धडकलं. श्रीवर्धन, दिवेआगर, हरिहरेश्वर, खाडीपलीकडे केळशी, आंजर्ले, मुरूड या सगळ्या पट्ट्यातल्या नारळी-पोफळीच्या वाड्या एका दुपारीत उद्ध्वस्त झाल्या. मुळासकट उन्मळून पडलेल्या माडांचं दुःख मोठं होतं, पण त्यांच्यापासूनचा धोका तिथेच संपला. जमिनीवर उभं राहून करवतीनं त्यांचे ओंडके करता येत होते. पंचाईत झाली ती शेंडा मोडून खांबासारखे उभे राहिलेल्यांची. आंब्याची फांदी मोडली तर खालून फुटवा येतो. माडाला वाढीचा कोंब एकच, तोही अगदी टोकाला. तो गेला की माड मेला. मेला तरी पडत नाही, वर्षा-दोन वर्षांनीसुद्धा तसाच उभा असतो. रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटतं, काय चिवट आहे!

चिवटपणा किती फसवा असतो, ते माडाच्या घडणीतच आहे. आंब्या-फणसाच्या खोडात सालीखाली वाढीचा एक थर असतो. तो दरवर्षी नवं लाकूड घालतो, जखमेवर कड चढवतो. माडात तो थर नाही. एकदा खोडाला जखम झाली की ती जन्मभराची. ताकद सगळी बाहेरच्या टणक भागात, गाभा पहिल्यापासून मऊ. शेंडा मोडल्यावर पावसाचं पाणी वरून थेट गाभ्यात उतरतं. सोंड्या भुंग्यानं जिवंतपणीच आत वाटा केलेल्या असतील तर कूज आणखी लवकर पसरते. वर्षानुवर्षं नारळ काढायला खोडावर ज्या खाचा पाडलेल्या असतात, त्याच आता पाणी साठवतात. म्हणजे ज्या पायरीवर पाय ठेवून माणूस निर्धास्त चढत होता, नेमकी तीच जागा सगळ्यांत आधी कुजायला लागते.

आणि तुला तसंच सोडून देणंही वाडीवाल्याला परवडत नाही. गेंड्या भुंगा कुजत्या माडात अंडी घालतो, अळ्या त्याच लाकडावर पोसतात, आणि मोठे झालेले भुंगे शेजारच्या जित्या माडांच्या कोंबात शिरतात. एक मेलेला माड उभा ठेवला तर दहा जिवंत माड धोक्यात. त्यामुळे वाडीत तुला काढावंच लागतं. वाद आहे तो कसं काढायचं याचा.

शेजारच्या वाडीत असाच एक माड होता. एका बाजूला कौलारू घर, दुसऱ्या बाजूला गोठा, समोर विजेची तार. आख्खा आडवा पाडायला जागाच नाही. वरून तुकडे करत उतरवायचा. मालकांनी नेहमीच्या गड्याला बोलावलं. या माणसानं त्या वाडीतले नारळ वर्षानुवर्षं काढलेले. तो आला, पण दोर खांद्यावरून उतरवला नाही. आधी बुंध्याशी बसला, मुळाजवळची माती बोटांनी उकरली, एक मूळ ओढून बघितलं. मग उठून कोयत्याच्या पाठीनं खोडावर ठोकायला लागला. गुडघ्याच्या उंचीला, कमरेच्या, छातीच्या, मग हात वर करून पोचेल तिथवर. खोडाला गोल फेरी मारत, कान जवळ नेऊन. खाली आवाज खणखणीत होता. हात उंचावून ठोकलं तिथे जरासा बसका झाला. इतकाच फरक; मला तर तो त्यानं सांगितल्यावर कळला.

"नाय काका, ह्याच्यावर मी नाय चढणार."

"अरे, याच माडावर तू इतकी वर्षं चढलास ना?"

"तेव्हा तो जिता होता."

एवढंच बोलून तो गेला. मालकांना राग आला. चार दिवसांनी त्यांनी दुसरा माणूस आणला, वयानं तरणा, जरा जास्त पैसे ठरवून. तो चढला. कमरेचा दोर खोडाभोवती घालून, एकेक हाताचा तुकडा कापून खाली सोडत गेला. दुपारपर्यंत माड जमिनीवर. काहीही झालं नाही. मालक ओटीवरून मला म्हणाले, "बघा, उगाच घाबरत होता तो म्हातारा."

मी तुकडे बघायला गेलो. वरून तिसरा ओंडका आपटून उभा चिरला होता. बाहेरचं टणक लाकूड बोटभर जाडीचं राहिलं होतं. आत ओला भुसा आणि सोंड्या भुंग्याचे काथ्या गुंडाळून केलेले रिकामे कोष. त्या बोटभर लाकडावर त्या पोरानं आपल्या देहाचा भार टाकला होता, वर कमरेचा दोर टेकवून करवतही चालवली होती. तोही माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. पायाच्या अंगठ्यानं भुसा जरा खरवडला, "आयला" म्हणाला, आणि प्यायला पाणी मागितलं.

तुझ्याबद्दलची माझी खरी तक्रार इथे आहे. तू दरवेळी पडत नाहीस. दहापैकी नऊ वेळा माणूस सुखरूप उतरतो, आणि प्रत्येक वेळी त्याचा, मालकाचा, बघ्यांचा समज पक्का होत जातो की काही होत नाही. न झालेला अपघात कुणाला काही शिकवत नाही. उलट ज्यानं नकार दिला तो भित्रा ठरतो आणि पुढच्या कामाला त्याला बोलावत नाहीत.

गावात तुझ्या बाजूनं एक जोरदार युक्तिवाद केला जातो. "वाळलेलं लाकूड ओल्यापेक्षा पक्कं असतं. आमच्या घराचं आढं ऐंशी वर्षांचं आहे, ते काय मोडलं?" हा युक्तिवाद अडाण्याचा नाही. तोडून नीट सुकवलेलं लाकूड ओल्यापेक्षा खरोखरच जास्त भार पेलतं, कुठलाही सुतार हे सांगेल. पण आढ्याचं लाकूड छपराखाली सुकतं आणि कायम सुकंच राहतं. लाकडातली ओल साधारण 20 टक्क्यांच्या खाली राहिली तर कुजवणाऱ्या बुरशीला त्यात वाढता येत नाही. तू उभ्या उभ्या वाळतंस ते उघड्यावर, आणि आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. चार महिने भिजायचं, आठ महिने तडकायचं, त्या तडकलेल्या भेगांतून पुढच्या वर्षी आणखी आत भिजायचं. हे वाळणं नव्हे, सावकाश कुजणं आहे. या कुजण्याचा क्रमही उफराटा. काही बुरशा लाकडाचं वजन पाच-दहा टक्के घटवतात तोवर त्याची झटका सोसण्याची ताकद निम्म्यावर येऊन गेलेली असते. वरून बघणाऱ्याला रंग तोच, जाडी तीच, साल तीच. हातानं दाबलं तरी टणकच लागतं. आणि मोडतं तेव्हा ओल्या फांदीसारखं आधी वाकत नाही, करकरत नाही, सावध करत नाही. एका ठिकाणी सरळ तुटतं.

जिवंत झाडावर चढणाऱ्याचे कान आणि पाय सतत काहीतरी ऐकत असतात. फांदी वाकायला लागली की तो पाय काढून घेतो. तुझ्यावर ती सोय नाही. तुझी साल पायाखाली सुटून येते. बेचक्यात हात घालावा तर आत काय असेल सांगता येत नाही. ढोलीत सातेरी मधमाश्यांचं पोळं असतं, कधी गांधीलमाश्या, कधी नुसती वाळवी. जमिनीवर माशी चावली तर माणूस हात झटकतो. चाळीस फुटांवर हात झटकणं म्हणजे काय, हे मी लिहून सांगायला नको.

आता दोराकडे येतो. शहाण्यासुरत्या लोकांनाही इथे चकवा होतो. इमारतीच्या परांचीवर काम करणारा आपला पट्टा अडकवतो तो दुसऱ्याच कशाला तरी. झाडावर मात्र माणूस ज्याच्यावर चढतो त्यालाच बांधून घेतो. झाड जिवंत आणि सशक्त असेल तर ही पद्धत ठीक, जगभर तीच चालते. पण तू वठलेलं असशील आणि त्याच्या दोराच्या खाली खोड मोडलं, तर तोच दोर त्याला तुझ्यासकट खाली ओढून नेतो. निसटून उडी मारायचीही सोय उरत नाही. हार्नेस चांगल्या कंपनीचा आहे, दोर नवा आहे, दोन दोर आहेत, हेल्मेट आहे, असं ठेकेदार अभिमानानं सांगतो तेव्हा मी विचारतो, हे सगळं बांधलंय कशाला? दोन्ही दोर जर तुलाच बांधले असतील तर ते दोन नाहीत.

त्यात कापणाऱ्याला तुझ्यावर नुसतं बसायचं नसतं. वरचा जड तुकडा सुटतो तेव्हा उरलेलं खोड मागे-पुढे हेलकावतं. जिवंत झाडाला फांद्या-पानांचा पसारा असतो, हेलकावा त्यात जिरतो. तुझं बोडकं खोड बराच वेळ डुलत राहतं, आणि माणूस त्याच्या टोकाला बांधलेला. खाली कौलं असली की तुकडे नुसते टाकूनही चालत नाहीत, वर कप्पी बांधून दोरानं सोडावे लागतात. इथे एक साधा हिशेब फार थोड्यांना ठाऊक असतो. कप्पीच्या एका बाजूला तुकड्याचं वजन, दुसऱ्या बाजूला तो तोलणाऱ्या गड्याची तेवढीच ओढ. म्हणजे कप्पी जिथे बांधली तिथे भार जवळजवळ दुप्पट. तुकडा हातभर जरी सुटा पडून दोराला हिसका बसला, तर तो भार वजनाच्या कैक पट होतो. हा सगळा हिसका ज्या खोडावर येतो, त्याच खोडाला वर बसलेल्याचा जीव टांगलेला असतो. वठलेलं झाड उतरवताना कप्पी त्याच झाडाला बांधू नये, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही.

आणि खालचा माणूसही सुरक्षित नाही. बुंध्याशी करवत किंवा कुऱ्हाड चालली की तिचे हादरे शेंड्यापर्यंत जातात. वर अर्धवट मोडून अडकलेल्या फांद्या नेमक्या तेव्हाच सुटतात. म्हणून तुला खालून कापतानाही आधी वर नीट बघावं लागतं, आणि पळायची वाट मोकळी ठेवावी लागते. बुंध्याशी किंवा मुळांवर तपकिरी, चकचकीत, लाकडासारखी घट्ट अळंबी उगवलेली दिसली, तर मुळंही गेली असं समजावं. शहरात तर तुझ्या बुंध्याशी पेव्हर ब्लॉक बसवलेले असतात. खाली काय उरलंय ते कुणालाच दिसत नाही.

परदेशात काय चाललंय तेही तुला सांगतो. 2002 मध्ये अमेरिकेत मिशिगन राज्यात डेट्रॉइटजवळ एक हिरवा चमकदार भुंगेरा सापडला, एमरल्ड ॲश बोरर. आशियातून गेलेल्या या किड्यानं तिथली ॲशची झाडं कोट्यवधींनी मारली. ॲशचं लाकूड जिवंतपणी लवचीक म्हणून नावाजलेलं. फावड्याचे दांडे, बेसबॉलच्या बॅटी त्याच्याच. पण झाड मेल्यावर तेच लाकूड फार झपाट्यानं ठिसूळ होतं. शेवटी तिथल्या जाणत्या कामगारांनी मेलेल्या ॲशवर चढणंच सोडलं. बकेट ट्रक आणा, क्रेन आणा, नाहीतर काम नाही. त्यांना मशिनं परवडतात हे खरं आहे. पण नकार द्यायला मशीन लागत नाही. तो नकार आमच्या शेजारच्या वाडीतल्या त्या गड्यानंही दिलाच होता, फुकट.

आता जरा आपल्या कागदांकडे. महाराष्ट्राच्या शहरांत झाडांच्या संरक्षणाचा 1975 चा कायदा आहे. त्याखाली तुलाही, म्हणजे मेलेल्यालाही, परवानगीशिवाय हात लावता येत नाही. गावाकडे आंबा-फणस असशील तर 1964 चा वृक्षतोड नियमनाचा कायदा. गोव्यात तर 2016 साली सरकारनं कायद्याच्या व्याख्येतून माडाला वगळून टाकलं होतं. म्हणजे कागदावर माड झाडच राहिला नाही. बोंबाबोंब झाली आणि 2017 मध्ये माड पुन्हा झाड झाला, वर राज्यवृक्षाचा मान मिळाला. असो. परवानगी हवीच, नाहीतर 'वठलं होतं' म्हणून लोक हिरवीगार झाडंही आडवी करतील, करतातच. पण सरकारी काम आणि सहा महिने थांब हा खाक्या हिरव्या झाडाच्या बाबतीत निदान निरुपद्रवी असतो. तुझ्या बाबतीत ते सहा महिने तुझ्या गाभ्यातून जातात. जानेवारीत अर्ज आला तेव्हा ज्या खोडावर शिडी लावून काम झालं असतं, ते पाऊस खाऊन ऑक्टोबरपर्यंत हात लावण्याच्या पलीकडे जातं. 2017 च्या जुलैत चेंबूरला माड कोसळून रस्त्यानं चालणाऱ्या एका महिलेचा जीव गेला, तेव्हा ते झाड काढण्यासाठी आधीच अर्ज झालेला होता हे वर्तमानपत्रांतून सगळ्यांनी वाचलं. विलंबाची किंमत वाटसरू देतो, नाहीतर अखेर वर चढणारा देतो. अर्जावर सही करणारा देत नाही.

चढणारा माणूस पडलाच तर काय? 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यात ज्या धंद्यांची यादी होती, तीत झाडं तोडण्याचं आणि ताड-माड छेदण्याचं काम स्पष्ट लिहिलेलं होतं. इंग्रजांच्या काळातल्या कायद्यालाही हे काम धोक्याचं आहे हे कळत होतं. आता तो कायदा 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला आहे. पण दावा करायचा तर कामावर कोणी लावलं हे दाखवावं लागतं, आणि इथे सगळा व्यवहार तोंडी. ठेकेदार म्हणतो, सोसायटीनं बोलावलं. सोसायटी म्हणते, ठेकेदाराचा माणूस. मालक म्हणतात, मी फक्त विचारलं होतं, तोच चढला. ज्याचं हातावर पोट, त्याच्या घरचे कुठल्या कोर्टात जाणार? नारळाच्या कामापुरती तरी एक चांगली सोय आहे. नारळ विकास मंडळानं 2011 पासून माडावर चढायचं रीतसर प्रशिक्षण सुरू केलं, आणि माडावर चढणाऱ्यांसाठी 'केरा सुरक्षा' ही अपघात विमा योजना चालवली. हप्त्याचा मोठा वाटा मंडळ उचलतं. आपल्याकडच्या किती गड्यांना ती माहीत आहे, हे कुठल्याही वाडीत जाऊन विचारून बघावं. पायानं चालवायची चढणयंत्रंही आता मिळतात. ती जित्या माडासाठी उत्तम. मेलेल्यावर ती लावून चढणं म्हणजे तीच चूक, फक्त जास्त वेगानं.

मग तुला काढायचं कसं? जागा असेल तर कुणीच न चढता. शेजारच्या सशक्त झाडावरून किंवा शिडीवरून तुझ्या खोडाला जमेल तितक्या वर दोर अडकवायचा, लांब उभं राहून ओढ धरायची आणि बुंध्याशी कापायचं. जागा नसेल तर क्रेन किंवा बूम लिफ्ट, म्हणजे माणूस तुझ्यावर न टेकता तुझ्या शेजारी तरंगत काम करेल. वाडीच्या अरुंद पाणंदीतून लिफ्ट जात नाही, हे मला कोणी सांगायला नको. पण जिथे जाते तिथेही ती आणत नाहीत, कारण एका दिवसाचं भाडं माणसाच्या मजुरीपेक्षा जास्त पडतं. माणूस स्वस्त पडतो, हे उघड बोलायला कोणी तयार नसतं म्हणून मी बोलतो. आणि जिथे मशीन खरोखर पोचत नाही, तिथे लगतच्या जिवंत, भक्कम झाडावर चढून, दोर त्याला बांधून, तुझे तुकडे करता येतात. वेळ जास्त लागतो, पैसे जास्त लागतात. गोठ्याची चार कौलं फुटू द्यायची तयारी ठेवली तर बरेचदा एवढीही खटपट लागत नाही. कौलं बाजारात मिळतात.

सगळ्यांत सोपा उपाय मात्र वेळेवर काढणं हाच. निसर्ग वादळानंतर ज्यांनी शेंडा गेलेले माड त्याच हिवाळ्यात उतरवून घेतले, त्यांचं काम खोड टणक असताना झालं. ज्यांनी 'बघू' म्हटलं, त्यांचं पुढच्या वर्षी बोटभर लाकडावर झालं. फांदीला पालवी आली नाही, माडाचा शेवटचा झाप पिवळा पडून गळला, की हिशेब सुरू झाला असं धरावं.

एक गोष्ट तुझ्या बाजूनंही सांगतो, नाहीतर पत्र एकतर्फी होईल. तू माड नसशील, आणि डोंगराच्या कडेला, देवराईत, वाटेपासून दूर कुठे उभं असशील, तर तुला कुणी हात लावूच नये. धनेश कधी तुझ्याही ढोलीत अंडी घालतो, मादी स्वतःला आत चिणून घेते आणि नर फटीतून चारा भरवतो. तांबट आणि सुतार तुझ्या वठल्या फांद्यांतच घरं कोरतात. तिथे तू जिवंत झाडाइतकंच कामाचं आहेस, आणि पडलंस तर कुणाच्या डोक्यावर पडणार नाहीस. वठलेलं प्रत्येक झाड पाडलंच पाहिजे हा आग्रहही तितकाच अविचारी.

घराला खेटून, रस्त्यावर, शाळेच्या आवारात असलेल्या तुझं मात्र काय करायचं, ते तुझ्या हातात नाही. म्हणून उरलेले चार शब्द मालकांना, सोसायटीच्या सेक्रेटरींना आणि वृक्ष अधिकाऱ्यांना. हे पत्र तुम्ही वाचाल असं धरून चाललो आहे. परसातलं झाड वठलं की दिवाळीची वाट बघू नका. अर्ज त्याच आठवड्यात द्या, आणि मिळालेल्या अर्जावर त्याच महिन्यात माणूस पाठवा. काम ठरवताना लिफ्टचं भाडं मजुरीच्या आधी विचारा. ठरलेले पैसे, कोणी कोणाला कामावर लावलं ते आणि विम्याचा नंबर, एवढं एका चिठ्ठीवर का होईना लिहून घ्या. आणि खोडावर कोयत्याची पाठ ठोकून, माती उकरून, वर बघून जर आलेला माणूस म्हणाला, "नाय चढणार," तर त्याच्याशी हुज्जत घालू नका, त्याच्या जागी दुसरा शोधू नका. त्याला चहा द्या, आल्याबद्दल अर्ध्या दिवसाची मजुरी द्या, आणि हे झाड कसं उतरवायचं ते त्यालाच विचारा.

कळावे,

तुझ्या वाडीशेजारचा